तुरुंगातून निघालेल्या दाव्याची तारीख कोणती धरायची?

मुंबई उच्च न्यायालयाच्या माननीय मुख्य न्यायमूर्तींना कारध्याहून खुले पत्र

माननीय मुख्य न्यायमूर्ती महोदय,



कारधा हे वैनगंगेच्या पूर्व काठावरचे गाव. पुलापलीकडे भंडारा, आणि तिथेच जिल्हा व दिवाणी न्यायालये. गावातल्या कोणाची पेशी असली की तो सकाळी जेवून निघतो, पूल ओलांडतो आणि पुकारा होण्याआधी आवारात हजर असतो. त्याच गावचा, त्याच सातबाऱ्यावर नाव असलेला, पण नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात शिक्षा भोगणारा माणूस या न्यायालयापासून साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे. अडचण अंतराची नाहीच. त्याचा दावा, अपील किंवा अर्ज कोणत्या दिवशी दाखल झाला हे ठरवताना, कागद तुरुंगाच्या दारातून बाहेर पडायला लागलेला सगळा वेळ त्याच्याच नावावर मांडला जातो. मग मुदत टळली म्हणून दावा फेटाळला जातो, आणि दाव्यात खरे काय होते हे कोणी पाहतच नाही.

या पत्रातली मागणी एकच आहे. कैद्याने दिवाणी कामाचा कागद ज्या दिवशी कारागृह अधीक्षकांच्या हाती दिला, तोच दिवस तो न्यायालयात दाखल झाल्याचा दिवस धरावा. त्यासाठी दिल्लीला जाऊन नवा कायदा करून आणावा लागेल असे नाही. बरेचसे आपल्याच अधिकारात आहे. ते कसे, हे पुढे येईल. आधी हा प्रश्न गावात कसा उभा राहतो ते पाहू.

माणूस तुरुंगात गेला की त्याच्या फौजदारी प्रकरणाची चर्चा चावडीवर होते. त्याच्या दिवाणी हक्कांचे काय झाले, हे कोणी विचारत नाही. शिक्षा झाली म्हणून शेत दुसऱ्याचे होत नाही. वडिलोपार्जित जमिनीतला त्याचा हिस्सा तसाच राहतो, घर त्याचेच राहते, उसने दिलेले पैसेही त्याचेच असतात. पण हे हक्क राखायचे तर ठरलेल्या दिवसांत हालचाल करावी लागते, आणि ते दिवस फार थोडे असतात. वडील वारले आणि घरच्यांनी वारसांच्या नोंदीतून तुरुंगातल्या भावाचे नाव वगळले, तर फेरफारावर हरकत घ्यायला पंधरा दिवस. नोंद प्रमाणित झाल्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २५० प्रमाणे अपिलाला साठ दिवस. शेजाऱ्याने धुरा फोडून धानाच्या दोन बांध्या आपल्यात ओढल्या किंवा कोणी घराचे कुलूप तोडून आत राहायला गेले, तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली मालकी सिद्ध न करता ताबा परत मागता येतो, पण तो दावा सहा महिन्यांच्या आतच लावावा लागतो. ते सहा महिने गेले की मालकीचे कागद घेऊन वर्षानुवर्षे चालणारा दावा करण्यावाचून गत्यंतर नाही.

हे सहा महिने तुरुंगात कसे जातात ते जरा जवळून पाहायला हवे. कुलूप तुटल्याची बातमी आत पोचते ती मुलाखतीला आलेल्या माणसाकडून. मुलाखतीला येणारी बहुतेक वेळा आई किंवा बायको असते, आणि मजुरीचा दिवस मोडून भंडाऱ्याहून नागपूरची एसटी धरणे तिला दर आठवड्याला परवडत नाही. बातमी कळल्यावर वकील शोधायचा तोही तिनेच. वकिलाने वकीलपत्राचा छापील कागद दिला की तो तुरुंगाच्या दारात द्यायचा. तिथून तो कार्यालयात, कार्यालयातून बराकीत जातो. कैदी सही करतो किंवा अंगठा उठवतो, अधिकारी 'माझ्यासमक्ष' असे लिहून शिक्का मारतात, आणि कागद आला त्याच वाटेने परत दारात येतो. कैद्याची मध्येच बदली झाली, तो रुग्णालयात असला किंवा संबंधित अधिकारी रजेवर असला, तर कागद पडून राहतो. दाव्याच्या प्रत्येक पानावर, प्रतिज्ञापत्रावर, दुरुस्तीच्या अर्जावर सही घ्यायची झाली की हाच फेरा पुन्हा. यात कोणाचा द्वेष नाही, हयगयही असेलच असे नाही. कामाची पद्धतच तशी आहे. मात्र या पद्धतीत गेलेला एकेक दिवस मुदतीतून वजा होतो.

भंडारा जिल्ह्यात यात आणखी एका गोष्टीची भर पडते. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी राजीव गांधींच्या हस्ते २२ एप्रिल १९८८ रोजी झाली. पुढे धरणाचे फुगवट्याचे पाणी वैनगंगेतून भंडाऱ्यापर्यंत चढत आले. भूसंपादन, निवाडा आणि वाढीव मोबदला हे शब्द या काठावरच्या घराघरात माहीत आहेत. १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम १८ प्रमाणे निवाडा मान्य नसलेल्याने प्रकरण न्यायालयाकडे पाठवा असा अर्ज करायचा असे. निवाड्याच्या वेळी हजर असलेल्याला त्यासाठी सहा आठवडे. गैरहजर असलेल्याला नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांपैकी जे आधी संपेल ते. समजा, काठावरच्या एखाद्या गावातला खातेदार तेव्हा तुरुंगात होता. नोटीस घरच्या पत्त्यावर गेली, घरच्यांनी ती कपाटात ठेवली, आणि तो बाहेर आला तेव्हा सहा महिने केव्हाच उलटून गेले होते. त्याला विलंब माफीही मागता येत नव्हती, कारण जिल्हाधिकारी म्हणजे न्यायालय नव्हे, म्हणून कलम १८ च्या अर्जाला मुदत कायद्याचे कलम ५ लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केले. २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्यात, कलम ६४ मध्ये, सबळ कारण असेल तर आणखी एक वर्षापर्यंत अर्ज घेण्याची मुभा आली. ठरलेल्या मुदतीत न येऊ शकणारी माणसे असतात हे संसदेने तिथे मान्य केले. दिवाणी दाव्यांच्या बाबतीत मात्र ते अजून मान्य झालेले नाही.

मुदत कायदा, १९६३ याचे कलम ३ सांगते की मुदतीनंतर आलेला दावा न्यायालयाने फेटाळलाच पाहिजे, प्रतिवादीने तो मुद्दा काढला नसला तरी. विलंब माफ करणारे कलम ५ अपिलांना आणि अर्जांना लागू आहे, मूळ दाव्याला नाही. म्हणजे दावा एक दिवस उशिरा आला, तरी समोरचे न्यायाधीश कितीही कनवाळू असोत, त्यांचे हात बांधलेले असतात. कलम ६ मध्ये ज्यांच्यासाठी मुदत थांबते अशांची यादी आहे. तीत अज्ञान मुले आहेत आणि मनोविकल व्यक्ती आहेत. बंदिवान नाहीत. इंग्लंडच्या १६२३ च्या मुदत कायद्यात ते होते. वादी कैदेत असेल तर सुटकेनंतर त्याला मुदत मोजून मिळे. तिथे ही सवलत १८५६ मध्ये काढून टाकली गेली, आणि आपल्या १९६३ च्या कायद्यात ती नाही.

त्याच कायद्याच्या कलम ४ प्रमाणे मुदतीच्या शेवटच्या दिवशी न्यायालय बंद असेल, तर ते उघडेल त्या दिवशी कागद दाखल करता येतो. न्यायालय बंद असेल तर पक्षकाराला सांभाळून घेतले जाते. पक्षकारच बंद असेल तर काय, याचे उत्तर कायद्यात नाही.

सर्वांत टोचणारी गोष्ट कायद्याच्या परिशिष्टात आहे. खोट्या खटल्यात गोवल्याबद्दल नुकसानभरपाईचा दावा निर्दोष सुटल्यापासून एका वर्षात लावायचा, असे अनुच्छेद ७४ सांगतो. एका प्रकरणात निर्दोष ठरलेला, पण दुसऱ्या प्रकरणात अजून आत असलेला माणूस हे वर्ष तुरुंगातच घालवतो. दावा सरकारवर असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीसही आधी द्यावी लागते. नोटिशीचा काळ मुदतीतून वगळला जातो हे खरे, पण ती लिहायची कोणी आणि पोचवायची कोणी?

काही जणांना वरच्या न्यायालयांनी स्वतः हात दिला. बिहारमधला रुदुल साह ३ जून १९६८ रोजी निर्दोष ठरला, पण तुरुंगातून बाहेर आला १६ ऑक्टोबर १९८२ ला. नुकसानभरपाईसाठी दिवाणी न्यायालयात जा, असे त्याला सांगता आले असते. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी तसे न करता १९८३ मध्ये एकूण पस्तीस हजार रुपये देण्याचा आदेश दिला आणि दिवाणी दाव्याचा मार्गही खुला ठेवला. आपल्या राज्यात, नाशिक जिल्ह्यातल्या प्रकरणात फाशीची शिक्षा झालेल्या भटक्या जमातीतल्या सहा जणांना ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये देण्यास महाराष्ट्र सरकारला सांगितले. असे आदेश मोठे आहेत, पण विरळा आहेत. धुऱ्याचा वाद घेऊन कोणी सर्वोच्च न्यायालयात जात नाही. त्यासाठी भंडाऱ्याचे दिवाणी न्यायालयच हवे.

फौजदारी बाजूला हा प्रश्न कधीचा सुटला आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३८३ प्रमाणे आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४२४ प्रमाणे, कैद्याला शिक्षेविरुद्धचे अपील तुरुंगाच्या प्रभारी अधिकाऱ्याकडे देता येते, आणि ते अपील न्यायालयाकडे पाठवणे हे त्या अधिकाऱ्याचे काम आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेत अशी तरतूद नाही. एकाच बराकीतला एकच माणूस, हातात दोन कागद. शिक्षेविरुद्धचा कागद अधीक्षकांकडे दिला की त्याला रस्ता आहे. शेताचा कागद दिला तर तो नुसता टपालात पडलेला लखोटा.

महोदय, तुरुंगाच्या आत कागदाचे काय होते, याचा सर्वांत बोलका दाखला महाराष्ट्राचाच आहे, आणि तो फौजदारी असला तरी इथे लागू पडतो. माधव हयवदनराव होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणातला कैदी विद्यापीठात शिकवणारा, पीएच.डी. झालेला माणूस होता. बनावट पदव्यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९७३ मध्ये त्याची शिक्षा वाढवून तीन वर्षे केली. तो सर्वोच्च न्यायालयात पोचला तो चार वर्षांहून अधिक उशिराने, शिक्षा भोगून झाल्यावर. कारण निकालाची प्रत. उच्च न्यायालयाने विनामूल्य प्रत येरवड्याला पाठवली होती. तुरुंगाचे म्हणणे, ती कैद्याला दिली होती आणि दयेच्या अर्जाला जोडायला म्हणून परत घेतली. कैद्याचे म्हणणे, ती हाती आलीच नाही. आणि ज्या एका सहीने हा वाद क्षणात मिटला असता, ती पोचीची सही कुठेच नव्हती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १७ ऑगस्ट १९७८ च्या निकालात कैद्याचा अपिलाच्या विशेष परवानगीचा अर्ज गुणवत्तेवर फेटाळला, पण पुढच्या सर्व कैद्यांसाठी प्रतीबद्दल दोन गोष्टी घालून दिल्या: निकालाची प्रत विनाविलंब आणि विनामूल्य द्यायची, आणि तुरुंगात ती कैद्याला दिल्याची लेखी पोच घ्यायची. शिकल्यासवरल्या प्राध्यापकाची ही गत झाली, तर सही करताना अक्षरे चाचपणाऱ्या शेतमजुराने काय करावे? पोचीची जी शिस्त बाहेरून आत येणाऱ्या कागदाला १९७८ मध्ये लागली, तीच आतून बाहेर जाणाऱ्या दिवाणी कागदाला लावावी, एवढेच इथे मागितले आहे.

तुरुंगात असताना दिवाणी वाद चालू ठेवता येतो का? येतो, पण कोणाला, ते पाहिले पाहिजे. मराठी माणसाला यातले सर्वांत मोठे उदाहरण लोकमान्य टिळकांचे. पुण्याचे बाबा महाराज पंडित १८९७ मध्ये वारले. त्यांच्या मृत्युपत्राचे विश्वस्त म्हणून टिळक आणि अमरावतीचे दादासाहेब खापर्डे यांनी जून १९०१ मध्ये औरंगाबादेत जगन्नाथ या मुलाचे दत्तकविधान करून घेतले. बाबा महाराजांच्या विधवा पत्नी ताई महाराजांनी पुढे कोल्हापुरात दुसरा दत्तक घेतला आणि वाद न्यायालयात गेला. १९०६ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने जगन्नाथाच्या बाजूने निकाल दिला. १९०८ च्या जुलैत टिळकांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी मंडालेला झाली. ते तिथे असतानाच, १९१० मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने पुण्याचा निकाल फिरवला. प्रकरण प्रिव्ही कौन्सिलमध्ये गेले. १९१४ च्या जूनमध्ये टिळक सुटून आले आणि २६ मार्च १९१५ रोजी प्रिव्ही कौन्सिलने औरंगाबादचे दत्तकविधान वैध ठरवले.

सातासमुद्रापलीकडचे अपील मंडालेच्या कैद्याच्या हातून निसटले नाही, कारण तो कैदी स्वतः एलएल.बी. होता. बाहेर सहविश्वस्त होते. धोंडोपंत विद्वांसांसारखा भाचा होता, आणि मंडालेहून लिहायच्या मोजक्या पत्रांतही टिळक त्याला या प्रकरणाबद्दल लिहीत. पुण्यात वकील होते, लंडनमध्ये वकील होते. यातले कोणी नसते तर त्याच कैद्याचे काय झाले असते, याचा विचार केला की आजच्या सामान्य बंदिवानाची स्थिती लक्षात येते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही असे. मुदत कायदा त्यांनाही वेगळे मानत नाही. उद्या ते निर्दोष सुटले, तरी आत असताना टळलेली मुदत परत येत नाही.

बंदिवानाचे दिवाणी हक्क जिवंत असतात, हे महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात पूर्वी ठरले आहे. प्रभाकर पांडुरंग संझगिरी मुंबईत स्थानबद्ध असताना त्यांनी 'अणूच्या अंतरंगात' हे मराठी पुस्तक लिहिले. ते छपाईसाठी बाहेर पाठवायला सरकारने नकार दिला. मुंबई उच्च न्यायालयाने संझगिरींच्या बाजूने निकाल दिला आणि १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. स्थानबद्धतेच्या अटींनी जे काढून घेतलेले नाही, ते माणसाकडेच राहते. विज्ञानाचे हस्तलिखित तुरुंगाबाहेर जाऊ शकते, तर दाव्याचा कागदही वेळेत जायला हरकत नसावी.

दावा एकदा दाखल झाला तरी कैद्याचे संकट संपत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १६-अ मध्ये कैद्याला साक्षीसाठी न्यायालयात आणण्याची सोय आहे. मात्र तुरुंग न्यायालयापासून पंचवीस किलोमीटरहून लांब असेल, तर आयोगामार्फत साक्ष घेणे पुरेसे नाही अशी खात्री झाल्याशिवाय तसा हुकूम होत नाही. नागपूर ते भंडारा पंचवीसच्या दुपटीहून जास्त आहे. गरीब म्हणून न्यायालय शुल्काविना दावा करायचा तर आदेश ३३ प्रमाणे अर्जदाराने अर्ज स्वतः सादर करायचा, हजेरीतून सूट मिळाली तरच प्रतिनिधीमार्फत. उलट तो प्रतिवादी असेल तर आदेश ५, नियम २४ प्रमाणे समन्स अधीक्षकांकडे पोचते. म्हणजे कैद्याकडे जाणाऱ्या न्यायालयीन कागदासाठी अधीक्षकांचे टेबल हे कायदेशीर ठिकाण आहे, त्याच्याकडून येणाऱ्या कागदासाठी नाही. आणि प्रतिवादी हजर असताना वादी पुकाऱ्याला गैरहजर राहिला म्हणून दावा काढून टाकला, तर त्याच कारणावर नवा दावा करता येत नाही. जुना पुन्हा नंबरावर घेण्याच्या अर्जाला तीस दिवस असतात, आणि आपला दावा काढून टाकला आहे हे कैद्याला कळेपर्यंत ते बहुधा संपलेले असतात.

अमेरिकेतही हा प्रश्न आला होता. टेनेसीमधल्या ह्यूस्टन नावाच्या कैद्याने वकिलाविना चालवलेल्या प्रकरणात अपिलाची सूचना मुदत संपायच्या तीन दिवस आधी तुरुंगाधिकाऱ्यांच्या हाती दिली. ती न्यायालयात पोचली मुदतीनंतर एका दिवसाने. खालच्या न्यायालयाने अपील फेटाळले. २४ जून १९८८ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, पाच विरुद्ध चार मतांनी, कागद तुरुंगाधिकाऱ्याला दिला तोच दाखल झाल्याचा क्षण, असे ठरवले. न्यायमूर्ती ब्रेनन यांचा युक्तिवाद साधा होता. इतर पक्षकार न्यायालयात जाऊन आपल्या कागदावर शिक्का पडलेला पाहू शकतात, उशीर दिसला तर धावपळ करू शकतात. कैद्याच्या हातात कागद देण्यापलीकडे काहीच नसते, आणि तो ज्यांच्या हाती देतो त्यांच्यावर त्याचा ताबा नसतो. शिवाय तुरुंगात टपालाची नोंद होते, म्हणून तारखेचा पुरावाही तयार असतो. १९९३ मध्ये हे तत्त्व तिथल्या अपिलांच्या नियमांतच घातले गेले, दिवाणी आणि फौजदारी दोन्हींसाठी.

त्याच देशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कैद्यांचे दावे फार वाढले म्हणून १९९६ मध्ये तिथे त्यांना आवर घालणारा कायदा झाला. त्याखाली कॅलिफोर्नियातल्या न्गो नावाच्या कैद्याचा दावा २००६ मध्ये अडला, कारण तुरुंगातली तक्रार पंधरा कामाच्या दिवसांत करायची होती आणि ती सुमारे सहा महिने उशिरा आली. पण हे दोन निकाल एकमेकांच्या आड येत नाहीत. मुदत पाळायचीच आहे. प्रश्न एवढाच, की मुदतीत हातून सुटलेला कागद दुसऱ्याच्या टेबलावर थांबला, तर तो दोष कोणाच्या माथी मारायचा. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने तर १९७५ मध्येच, गोल्डर या ब्रिटिश कैद्याच्या प्रकरणात, दिवाणी दाव्यासाठी वकिलाचा सल्ला घेऊ न देणे म्हणजे न्यायालयाचे दारच बंद करणे आहे, असे मानले. त्याला एका तुरुंग कर्मचाऱ्यावर अब्रुनुकसानीचा दावा करायचा होता.

आपल्या देशानेही अलीकडेच, आणि सर्वांसाठी, मुदतीचे घड्याळ थांबवलेले पाहिले आहे. करोनाच्या साथीत माणसे घरात अडकली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्च २०२० रोजी स्वतःहून दखल घेतली, आणि अखेर १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा सगळा काळ मुदतीतून वगळला. बाहेर पडता येत नाही त्याच्याविरुद्ध दिवस मोजू नयेत, हे तत्त्व तेव्हा लहानथोर सर्वांना लागू झाले. सरकारलाही असा दिलासा अनेकदा मिळाला आहे. १९८७ च्या कातिजी प्रकरणात राज्य सरकारचे चार दिवस उशिरा आलेले अपील सर्वोच्च न्यायालयाने दाखल करून घ्यायला लावले, आणि विलंबाकडे उदारपणे पाहा असे सांगितले.

आता उपायाकडे. दावा केव्हा दाखल झाला, याचे उत्तर मुदत कायद्याच्या कलम ३ मध्ये आहे: वादपत्र योग्य अधिकाऱ्याकडे सादर झाले तेव्हा. योग्य अधिकारी कोण, हे संहितेचा आदेश ४, नियम १ सांगतो: न्यायालय, किंवा न्यायालय त्यासाठी नेमेल तो अधिकारी. कारागृह अधीक्षकाला बंदिवानांच्या कागदांपुरता असा अधिकारी नेमता येईल. आदेश ४ मधला अधिकारी हा न्यायालयाच्या आस्थापनेवरचाच असला पाहिजे, अशी शंका कोणी काढलीच, तर संहितेच्या कलम १२२ प्रमाणे पहिल्या अनुसूचीतले नियम बदलण्याचा अधिकार उच्च न्यायालयाकडे आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयाने तो आजवर अनेकदा वापरला आहे. आदेश ३३ मधला 'स्वतः सादर करणे' हा भागही याच वाटेने बंदिवानांपुरता सैल करता येईल.

दुसरे काम आपण महाराष्ट्र राज्य विधी सेवा प्राधिकरणाचे मुख्य आश्रयदाते या नात्याने करू शकता. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ याच्या कलम १२ प्रमाणे कोठडीतल्या प्रत्येक माणसाला, त्याचे उत्पन्न काहीही असो, मोफत विधी सेवेचा हक्क आहे, आणि त्या कायद्यात 'प्रकरण' म्हणजे दिवाणी दावाही येतो. सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०२४ च्या सुहास चकमा निकालात तुरुंगातल्या विधी सेवेबद्दल सविस्तर निर्देश दिले. त्यांचा भर साहजिकच जामीन आणि अपील यांवर आहे. तुरुंगात जाणाऱ्या पॅनेल वकिलांनी आणि विधी स्वयंसेवकांनी आणखी चार प्रश्न विचारावेत: तुझ्या नावावर शेत आहे का, घरात कोणी वारले का, घरी एखादी नोटीस आली का, तुझा कुठे दावा चालू आहे का. एवढ्याने कितीतरी मुदती टळण्याआधी लक्षात येतील. दावा ई-फायलिंगने त्याच दिवशी पाठवण्याचे काम कारागृहातल्या विधी सहाय्य केंद्राला देता येईल. रिमांडसाठी बसवलेली दृकश्राव्य यंत्रणा दिवाणी पेशीलाही चालेल. आणि गैरहजेरीमुळे दावा काढून टाकण्याआधी वादी तुरुंगात तर नाही ना, याची चौकशी करून तशी नोंद रोजनाम्यात करावी, असे परिपत्रक निघाले तर तीस दिवसांचे संकट पुष्कळसे टळेल.

यावर आक्षेप येतील. पहिला, की यामुळे खोटे दावे वाढतील. खोटा दावा खोटाच राहतो. तो पुराव्यावर फेटाळायला न्यायालय समर्थ आहे, त्यासाठी खऱ्या दाव्याची वाट अडवायची गरज नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. प्रतिवादीलाही शांततेने जगण्याचा हक्क आहे, साक्षीदार मरतात, कागद जीर्ण होतात, म्हणून वाद कधीतरी संपला पाहिजे. हे मान्यच आहे. म्हणूनच शिक्षेची सगळी वर्षे मुदतीतून वगळा असे हे पत्र म्हणत नाही. कॅलिफोर्नियात कैदेमुळे दोन वर्षांपर्यंत मुदत वाढते. तसे काही इथे व्हावे की नाही, ते संसदेने ठरवावे. इथली मागणी काही दिवसांची आहे. बारा वर्षांची मुदत बारा वर्षेच राहील आणि सहा महिन्यांची सहा महिनेच. फक्त शेवटचा दिवस कोणत्या टेबलावर मोजायचा, ते बदलेल.

वैनगंगा धोक्याच्या पातळीवर गेली, कारध्याच्या पुलाजवळची मोजपट्टी २४५.५० मीटरच्या वर गेली, की प्रशासन जुन्या पुलावरची रहदारी थांबवते. त्या दिवशी पलीकडे जाता आले नाही, म्हणून गावकऱ्याला कोणी बेजबाबदार ठरवत नाही. ज्याचा रस्ता सरकारने स्वतःच बंद केला आहे, त्याला कायद्यानेही एवढे समजून घ्यावे.

सुरुवात नागपूर मध्यवर्ती कारागृह आणि भंडारा जिल्हा कारागृह या दोन ठिकाणांपासून करता येईल. दोन्ही नागपूर खंडपीठाच्या क्षेत्रात येतात. दिवाणी कागदांसाठी एक स्वतंत्र आवक नोंदवही, आणि कागद घेताच कैद्याला द्यायची एक पावती. पावतीवर कोणत्या न्यायालयासाठी काय दिले ते, दिल्याची तारीख व वेळ, आणि घेणाऱ्या अधिकाऱ्याची सही. तिची एक प्रत कागदाबरोबर न्यायालयात जाईल आणि दुसरी कैद्याजवळ राहील. पहिले सहा महिने या नोंदवहीत काय येते ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने पाहावे, आणि तो अहवाल आपल्यापुढे ठेवावा.

कळावे.

आपला नम्र,
कारधा (ता. जि. भंडारा) येथील एक नागरिक